डावं मागचं चाक : न सुटणाऱ्या ब्रेकचं एक प्रकरण

मार्च २०२५. रविवारी सकाळी साडेनऊला काकूंचा फोन आला. त्या आणि काका वर्षश्राद्धासाठी नर्मदेकाठच्या चांदोदला निघाले होते. डभोईच्या अलीकडे चहाला थांबले, तर मागच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. "इस्त्री कपड्यावर तशीच राहून जाते ना, तसा वास आहे रे," त्या म्हणाल्या. "काका म्हणतायत, चाकाजवळ हात नेववत नाही. गुरुजी घाटावर वाट बघतायत. जाऊ का तशीच पुढे?"

मी म्हटलं, गाडी जागची हलवू नका. चाकावर पाणी ओतू नका. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, बिडाचा असतो, तापलेला असताना त्यावर गार पाणी पडलं तर तडकू शकतो. हँडब्रेक ओढू नका, पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. काका-काकू दुसरी गाडी ठरवून चांदोदला गेले. मी भाच्याला घेऊन, जॅक, स्टँड आणि पान्यांची पिशवी मागे बांधून बडोद्याच्या माझ्या गॅरेजमधून तिकडे निघालो.

टो करून आणायला सांगता आलं असतं, पण मी मुद्दाम गेलो. अडकणारा ब्रेक अडकलेला असतानाच बघायला मिळाला तर अर्धं काम तिथेच होतं. असल्या गाड्या गॅरेजला येईपर्यंत थंड होतात. वाटेत खड्ड्यात आपटून शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा अर्धगोल तुकडा) जागेवर बसतो, चाक मोकळं होतं. मग मालक सांगतो "वास येत होता", आपण चाक फिरवतो, ते छान फिरतं, आणि पुढे सगळा अंदाजाचा कारभार. काकूंच्या गाडीचं याआधीही हेच झालं होतं.

गाडी २०१३ची. पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ६८ हजार किलोमीटर झालेली. आम्ही पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली, गिअर न्यूट्रल केला. उजवं चाक हाताने फिरवलं तर दीड फेरा घेऊन थांबलं. डावं दोन्ही हातांनी जोर लावूनही जेमतेम बोटभर सरकलं. हँडब्रेक खाली होता, तरीही.

भाचा लगेच म्हणाला, "मामा, केबल."

असेलही. पण ब्रेक सुटत नाही तेव्हा शूंना ड्रमवर दाबून धरणारी ताकद तीनच ठिकाणांहून येऊ शकते. एक, तेलाचा दाब, म्हणजे पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये अडकून राहिलेला. दोन, हँडब्रेकची केबल. तीन, ड्रमच्या आतलंच काहीतरी: शू, स्प्रिंग, शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा ॲडजस्टर, किंवा तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन. एकेक ताकद काढून घ्यायची आणि चाक सुटतं का ते बघायचं. आधी तेल. कारण ते काढून घेणं सगळ्यात सोपं असतं आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

भाच्याला पेडल पाच वेळा जोरात दाबून सोडायला लावलं. मग मागच्या बाजूने ब्लीडिंगच्या, म्हणजे ब्रेकचं तेल बाहेर काढायच्या, निपलचं टोपण काढून निपल पाव आटा सैल केलं. आत दाब अडकला असता तर तेलाची चिळकांडी उडाली असती आणि चाक हातात मोकळं झालं असतं. आतून कुजून फुगलेला ब्रेकचा रबरी होज पाइप असंच करतो. पेडलच्या जोराने तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. इथे निपलमधून दोन थेंब ओघळले आणि चाक होतं तसंच घट्ट राहिलं. निपल लगेच बंद केलं. तेल संशयातून सुटलं.

याला दुजोरा देणारी आणखी एक गोष्ट होती. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ब्रेकच्या दोन लायनी तिरक्या असतात: मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक एका लाइनवर. पेडलच्या जोराने तेल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर ते परत घेत नसता, तर पुढचं उजवं चाकही पकडलं गेलं असतं. काकूंच्या गाडीत एकटं एकच चाक कुरकुरत होतं.

आता केबल. दोन सीटच्या मधलं प्लॅस्टिकचं आवरण उचलून हँडब्रेकच्या दांड्याजवळचा नट बघितला आणि मी तिथेच थांबलो. नटाच्या पुढे बोटभर आटे मोकळे दिसत होते. म्हणजे कुणीतरी नट खूप आत नेऊन केबल ताणलेली होती. नट सैल केला. डावं चाक ढिलं झालं. पूर्ण मोकळं नाही, घासत घासत, पण फिरायला लागलं.

भाच्याचा चेहरा खुलला. मला मात्र ते "घासत घासत" खटकलं. केबल पूर्ण ढिली आहे, तेलाचा दाब नाही, आणि तरी चाक अर्ध्या फेऱ्यात थांबतंय. गाडी हळूहळू, चाळिसाच्या वेगात, बडोद्याकडे काढली. जमेल तिथे ब्रेक न लावता, समोरच्या गाडीपासून लांब अंतर ठेवून. दहा किलोमीटरवर थांबून तापमान मोजायच्या बंदुकीने चारही चाकं मोजली. पुढचं डावं ५८ अंश, पुढचं उजवं ५६, मागचं उजवं ४३. मागचं डावं १०४.

केबल ढिली असूनही १०४. तिथेच मी भाच्याला म्हटलं, दुखणी दोन आहेत, आणि एक दुसऱ्याच्या मागे दडलंय. त्यानंतर दर पाच-सात किलोमीटरवर थांबत, चाक निवू देत, दुपारी बडोद्यात सोमा तलावाजवळ पोचलो आणि तिथून गॅरेजला.

संध्याकाळी काका-काकू आल्या आल्या मी त्यांना चहा दिला आणि गाडीची सगळी कहाणी पहिल्यापासून विचारली. हे मी पाना हातात घेण्याइतकंच महत्त्वाचं मानतो. काय बिघडलं ते गाडी दाखवते, कधीपासून ते माणसंच सांगतात.

२०२४च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, अर्धं बडोदं पाण्यात होतं आणि वस्तीत मगरी फिरत होत्या, तेव्हा ही गाडी कारेलीबागेत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत चढलं आणि तीन दिवस राहिलं. हँडब्रेक ओढलेला. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल, फिल्टर, कार्पेट, सीट सगळं झालं, कारण ते भिजलेलं डोळ्यांना दिसत होतं. ब्रेक लागत होते, म्हणून ड्रम कुणी उघडला नाही. पण ओल्या ड्रममध्ये तीन दिवस शू दाबून राहिले, तर आत काय होत असेल? गाळाचं पाणी केबलच्या नळीत शिरतं आणि वाट नसल्यामुळे सगळ्यात खालच्या वळणात साचून राहतं. नदीच्या पुराचं पाणी म्हणजे बारीक माती. पाणी वाळतं, माती राहते.

नोव्हेंबरमध्ये पुलाच्या चढावर हँडब्रेक लावलेली गाडी मागे सरकली. जवळच्या एका गॅरेजने दोन्ही मागच्या चाकांचे शू बदलले आणि केबल ताणून दिली. हँडब्रेक तीन टिकल्यांत, म्हणजे दांडा ओढताना तीनदा 'टिक' होताच, घट्ट बसायला लागला. काकांना आनंद झाला. जानेवारीत पहिल्यांदा वास आला. त्याच गॅरेजने डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर नवा घातला. फेब्रुवारीत पेट्रोलचा खर्च वाढला. काका वहीत लिहून ठेवतात, त्यांचा १६चा ॲव्हरेज १३वर आला होता. मग हा रविवार.

त्या गॅरेजला मी नावं ठेवणार नाही. हँडब्रेक सैल म्हणून आलेल्या गाडीचे शू बदलणं आणि केबल ताणणं, दोन्ही वरवर बरोबरच दिसतं. व्हील सिलिंडरचा पिस्टन पुरानंतर गंजून अडकणं तर नेहमीचंच. पण चाक कशामुळे पकडलं जातंय हे कुणी वेगळं करून बघितलं नव्हतं, आणि काकांचे साडेतीन हजार रुपये गेले होते.

सोमवारी सकाळी ड्रम उघडायला घेतला. तो नुसता ओढून येईना. मागच्या छिद्रातून ॲडजस्टर सैल केला, ड्रमवरच्या दोन आटे पाडलेल्या भोकांत आठचे बोल्ट घातले आणि दोन्ही एकेक पाव फेरा आळीपाळीने आवळत नेले. हातोड्याने ठोकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. ठोकलं की ड्रमची कड तुटते आणि धक्का बेअरिंगला बसतो. ड्रम सुटला तसा आतून काळा भुगा खाली पडला. भाच्याने हवेची बंदूक उचलली. मी त्याचा हात धरला. ब्रेकची धूळ कधीही हवेने उडवायची नाही. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि नसला तरी ती धूळ छातीत जाण्यासारखी नाही. खाली ट्रे ठेवला, ब्रेक क्लीनर मारून ओल्या कपड्याने पुसून काढलं.

आत नजरेत भरली ती पहिली गोष्ट म्हणजे हँडब्रेकची आतली पट्टी. मागच्या शूला एक लोखंडी पट्टी जोडलेली असते. केबल तिचं टोक ओढते आणि दोन्ही शू बाहेर ढकलले जातात. हँडब्रेक सोडल्यावर या पट्टीने परत येऊन शूच्या कडेवरच्या अडणीला टेकून बसलं पाहिजे. तिथे फट राहिली, तर शू पूर्ण आत येतच नाहीत, आणि आपोआप घट्ट होणारा ॲडजस्टरही त्या चुकीच्या जागेलाच बरोबर समजून चालतो. इथे चार मिलिमीटर फट होती, तीही नट काल सैल केल्यावर.

केबलचं टोक पट्टीतून काढलं. पट्टी बोटाने ढकलली तर टिक करून अडणीला टेकली, म्हणजे पट्टी निर्दोष होती. मग केबल पकडीत धरून ओढली. आली, पण वाळूवरून दोर ओढावा तशी, कचकचत. सोडली तर होती तिथेच राहिली. केबल पूर्ण बाहेर काढून नळी हाताने चाचपत गेलो. मागच्या सस्पेन्शनच्या आर्मजवळच्या खालच्या वळणावर प्लॅस्टिकचं आवरण नखाएवढं फुटलेलं होतं. तिथे नळी कापून भाच्याला दाखवली. आतली तार फुगून दुप्पट जाड झाल्यासारखी दिसत होती, तांबडा गंज आणि करडी माती यांचं कडक झालेलं मिश्रण. पुराची ती माती सात महिने त्यात बसली होती. असल्या केबलमध्ये तेल सोडून ती चार दिवस चालवता येते, हे मला माहीत आहे. मी ते कधीच करत नाही. गंजलेली तार आतून एकेक धागा तुटत जाते, आणि चढावर हँडब्रेकवर सोडलेल्या गाडीला हवी तेव्हाच दगा देते.

एवढ्यावर काम संपलं असं म्हणता आलं असतं. पण १०४चा आकडा मला स्वस्थ बसू देत नव्हता. केबल नसतानाच ड्रम परत चढवला, ॲडजस्टर दोन दाते सैल ठेवला, चाक फिरवलं. मोकळं फिरलं. भाच्याला पेडल एकदा दाबून सोडायला सांगितलं. परत फिरवलं तर घासतंय. सावकाश फिरत राहिलं, पण घासत. पुन्हा ड्रम काढला.

मग मी शूला हात घातला. मागचा शू अंगठ्याने बाहेर ढकलला आणि सोडला, तर स्प्रिंगने तो आत आला. पुन्हा ढकलला, जरा जास्त, आणि या वेळी सोडल्यावर तो जिथे होता तिथेच राहिला. स्प्रिंग ताणलेली, शू बाहेरच. तळहाताने खालच्या बाजूला थापटी मारली, तेव्हा 'टक्' आवाज करून घरात आला.

तो 'टक्' म्हणजे या प्रकरणाचं उत्तर होतं. स्प्रिंग काढल्या, शू उतरवले. शूच्या मागे जी पत्र्याची बॅकप्लेट असते तिच्यावर सहा छोटे उंचवटे असतात, प्रत्येक शूला तीन. शूची कड या उंचवट्यांवरून आत-बाहेर सरकते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते शूच्या आड झाकलेले असतात. मी कपड्याने पुसून खालच्या उंचवट्यावरून नख फिरवलं. अडकलं. पुसलं, पुन्हा फिरवलं. शूच्या कडेच्या जाडीएवढी एक खाच, नखाचं टोक पूर्ण बसेल इतकी खोल, आणि तिच्या कडेला गंजाची धार. बारा वर्षं शू तिथे घासत राहिला होता, ग्रीसचा पत्ता नव्हता, आणि पुरानंतरच्या गंजाने ती धार वर उचलली होती.

भाच्याने विचारलं, "पण मामा, खाच बारा वर्षांची असेल तर त्रास नोव्हेंबरनंतरच कसा सुरू झाला?"

मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. जुना शू आणि जुनी खाच एकमेकांबरोबर झिजत आलेले होते. शूची कड गोल झालेली होती, ती खाचेच्या कडेवरून चढून परत यायची. नोव्हेंबरमध्ये नवे शू आले, त्यांची कड कोरी, धारदार. शिवाय नव्या शूचा लायनर जाड असल्यामुळे तो उंचवट्यावर थोडा वेगळ्या जागी टेकतो. पेडल जोरात दाबलं की कड गंजाच्या धारेपलीकडे जाऊन अडकायची. स्प्रिंगला तेवढी ताकद नव्हती. त्यातच केबल ताणलेली होती, म्हणजे शूला आत यायला आधीच जागा कमी. शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, तिथे एवढंसं अडणंही पुरतं. शू घासतो, ड्रम तापतो, स्प्रिंग तापून आणखी ढिली पडते.

आणि केबल का ताणावी लागली होती? ॲडजस्टर काढून बघितला तर त्याचा दातेरी स्क्रू जोर लावला तरच फिरायचा, आपोआप पुढे सरकत नव्हता. शू नवे घातल्यावर त्याने हळूहळू बाहेर येऊन अंतर भरून काढायला हवं होतं. ते होत नव्हतं, म्हणून हँडब्रेक वर यायला लागला असणार, आणि तो खाली आणायला कुणीतरी दांड्याजवळचा नट पिळला. हँडब्रेक लांब यायला लागला की आधी शूचं अंतर जुळवायचं, केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा. हा क्रम उलटा झाला की केबल शूची उणीव झाकते आणि शूला आत येऊ देत नाही. माझ्याकडे न सुटणाऱ्या मागच्या ब्रेकच्या ज्या गाड्या येतात, त्यांत दांड्याजवळचा नट आधी बघायची सवय मला अशाच गाड्यांमुळे लागली.

आता काय बदलायचं. दोन्ही केबल नव्या. उजवी अजून सरकत होती, पण तीही त्याच पाण्यात उभी होती. दोन्ही ॲडजस्टर नवे, आणि ते बसवताना डावा डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच जातोय ना हे तपासून, कारण त्यांचे आटे उलटसुलट असतात आणि बदलले गेले तर ॲडजस्टर सैल होत जातो. बॅकप्लेटचा विचार मी जास्त केला. खाच वेल्डिंगने भरून कानशीने सपाट करता येते, आणि नीट केली तर ती चालते. पण व्हील सिलिंडरचे बोल्ट जिथे बसतात तिथे पत्र्याचे पोपडे निघत होते. सिलिंडर ज्या पत्र्यावर टेकून शू ढकलतो तो पत्राच कच्चा असेल तर खाच भरून काय उपयोग? नवी प्लेट मागवली. ती यायला दोन दिवस गेले.

शूंचा प्रश्न नाजूक होता. लायनर चार मिलिमीटर शिल्लक होता, मोजमापाने भरपूर. पण डाव्या बाजूचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडक झालेला, कडेला बारीक तडे. काकू म्हणाल्या, "अरे, चारच महिने झाले की बदलून."

"हो काकू. झिजले नाहीत, भाजले आहेत." त्यांच्या हातात तो शू दिला आणि उजव्या बाजूचा शेजारी ठेवला. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. शू एका चाकाचे बदलत नाहीत. डाव्या-उजव्याची पकड वेगळी राहिली तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते. दोन्हीकडचे बदलले. व्हील सिलिंडर मात्र ठेवला. पिस्टन बोटाने दाबून आत जात होते, रबराखाली ओल नव्हती. ड्रमही ठेवला. त्याच्यावर कमाल व्यास १८२ मिलिमीटर कोरलेला होता, तो तीन ठिकाणी मोजून १८०.६ भरला, गोलाई बरोबर होती. तापल्याचे निळसर डाग होते, पण तडा नव्हता. बेअरिंगला खेळ नव्हता, आवाजही नव्हता. इतक्या उष्णतेनंतर ते वाचलं हे आश्चर्यच.

ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं होतं. गंमत वाटेल, पण मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली होती. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या प्रतीचं तेल ताजं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये, असं मानक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४०वर येते. डॉट ४ची हीच मर्यादा २३० आणि १५५. मी मोजलेले १०४ अंश हे केबल ढिली करून, चाळिसाच्या वेगात, दहा किलोमीटरनंतरचे. केबल ताणलेली असताना, सत्तरच्या वेगात, डभोईपर्यंत सिलिंडरजवळ काय तापमान झालं असेल याचा विचार करा. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल खाली जातं. काकूंनी वास ओळखून गाडी थांबवली, ते किती वेळेवर केलं हे मी त्यांना सांगितलं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेल नवं भरून चारही चाकांतून जुनं काढून टाकलं.

जुळणी बुधवारी केली. नव्या प्लेटच्या सहाही उंचवट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ब्रेकच्या ग्रीसचा नुसता पातळ हात, बोटाने पुसल्यासारखा. जास्त लावलं तर ते तापून लायनरवर येतं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल सिलिंडरच्या रबराजवळ मी येऊच देत नाही, ते रबर त्याने फुगतं. शू चढवल्यावर भाच्याला सांगितलं, केबल अजून जोडायची नाही. ड्रम लावून ॲडजस्टर एकेक दाता पुढे नेत गेलो, चाक हलकेच घासायला लागलं तिथून मागे घेतलं. पेडल वीस-पंचवीस वेळा दाबलं, म्हणजे शू आपली जागा धरतात. मग केबल जोडली. पट्टी अडणीला टेकलेली आहे हे मागच्या भोकातून बॅटरी मारून दोघांनी बघितलं, आणि त्यानंतरच दांड्याजवळचा नट फिरवला, हँडब्रेक सहाव्या टिकलीला घट्ट होईपर्यंत. मागे वळून पट्टी परत बघितली. टेकलेलीच होती. उजव्या बाजूलाही हाच क्रम.

काकांना तीन टिकल्यांची सवय झाली होती, त्यांना सहा म्हणजे बिघाड वाटला. त्यांना गाडीत बसवून गॅरेजच्या उतारावर नेलं, हँडब्रेक ओढायला लावला, गिअर काढायला लावला. गाडी जागची हलली नाही. मग हँडब्रेक सोडायला लावला, आणि ती आपोआप, कुणी न ढकलता, सावकाश खाली जायला लागली. काका म्हणाले, "ही अशी कित्येक महिन्यांत गेली नव्हती."

संध्याकाळी डभोई रस्त्यावर वीस किलोमीटरची चक्कर मारली. मागचं डावं ४४, मागचं उजवं ४२. सगळा खर्च सहा हजारांच्या आत बसला, त्यात निम्म्याहून जास्त सुटे भाग.

बिल देताना काकूंना दोन गोष्टी लिहून दिल्या. पावसाळ्यात गाडी तीन-चार दिवस उभी राहणार असेल, आणि पाणी चढायची शक्यता असेल तर खासच, हँडब्रेक ओढायचा नाही. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाच्या पुढे-मागे लाकडाचा ठोकळा. आणि लांबच्या प्रवासात थांबल्यावर चाकांच्या जवळून, हात न लावता, तळहात फिरवून बघायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं लागलं तर लगेच फोन.

उजव्या बाजूच्या बॅकप्लेटवर तशीच खाच सुरू झालेली मी बघितली होती. उथळ, नख अडकत नव्हतं. ती कानशीने साफ करून ग्रीस लावून ठेवली आणि वहीत तारीख टाकली. जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आधी, गाडी बोलावून दोन्ही ड्रम उघडले. भाच्याने न सांगता आधी पट्टी बघितली, मग शू अंगठ्याने ढकलून सोडला, दोनदा, तीनदा. दर वेळी आवाज न करता आत आला. उजव्या उंचवट्यावर त्याने नख फिरवलं, वहीत "आहे तेवढीच" असं लिहिलं आणि ड्रम चढवला. काकांच्या वहीत त्या महिन्याचा ॲव्हरेज साडेपंधरा लिहिलेला होता.